थरांच्या आरशातला बिबट्या: पहिलं आरसाचित्र घरी कसं करावं

या लेखात आपण १२ बाय १८ इंचांचं एक आरसाचित्र करणार आहोत. सगळ्यात मागे आरसा, त्याच्यापुढे वडाच्या पारंब्यांचा थर आणि त्याच्यापुढे बिबट्या. समोर उभं राहिलं की तुमचा चेहरा बिबट्याच्या आणि पारंब्यांच्याही पलीकडे, जंगलाच्या आत दिसतो. तुमच्या आणि तुमच्या प्रतिमेच्या मध्ये तो प्राणी उभा असतो. या कलेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. म्हणून पुढची मापं, रंग आणि टांगायची उंची बघणाऱ्याचा चेहरा हा चित्राचा शेवटचा थर मानूनच दिली आहेत. आरशावर प्राणी चिकटवला की सजावट होते, पण चेहऱ्याची जागा राखून थर रचले की चित्र आपल्याशी बोलायला लागतं.

कटर धरता येत असेल आणि दोन शनिवार-रविवार मोकळे असतील तर एवढ्यावर सुरुवात करता येते.

आरसा आणि प्राणी एकत्र का

मंगोलिया आणि सैबेरियातल्या बुर्यातियातले शामान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारे तिथले भगत, अंगावर धातूचा गोल आरसा बांधतात. त्याला तोली म्हणतात. तो बहुधा ब्राँझचा असतो आणि छातीवर असतो. चेहरा बघणं हा त्याचा हेतू नाही. घासून चकचकीत केलेली बाजू बाहेर ठेवतात. वाईट शक्ती तिच्यावर आदळून परत फिरतात आणि मदतीला येणारे आत्मे त्या आरशात वस्तीला असतात, अशी तिथली श्रद्धा आहे. सैबेरियातल्या अनेक जमातींत विश्वाचे वरचं, मधलं आणि खालचं असे तीन थर मानतात. त्यांना जोडणारं एक झाड असतं आणि शामान त्या थरांमध्ये ये-जा करतो, ती प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या सोबतीने. त्याच्या पोशाखात म्हणूनच शिंगं असतात, पिसं असतात. आज जगभर ‘आपला मार्गदर्शक प्राणी शोधा’ असं शिकवणारी शिबिरं भरतात, त्यांना १९८० नंतर अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांच्या कामामुळे मोठी चालना मिळाली.

आपल्याकडे हे नातं वेगळ्या नावांनी आहे. वारली लोकांचा वाघोबा घ्या. दगडात किंवा लाकडात कोरलेला वाघ, आणि कित्येक ठिकाणी त्याच्यासोबत सूर्य-चंद्र. वाघबारशीला त्याची पूजा होते, तिथे भगत असतो, नैवेद्य असतो. पालघर-डहाणूच नव्हे, आरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरही वाघोबाला मानतात, आणि तिथल्या जंगलात बिबट्या खरोखरच फिरतो. मराठी घरांत लग्नाच्या वेळी देवक बसवतात. कुणाचं मोराचं पीस, कुणाचं साळुंकीचं, कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव. आणि दत्तसंप्रदायातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अजगर, कपोत, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कोळी, पतंग असे कितीतरी जीव आहेत. अजगराकडून तो समोर येईल त्यात समाधान मानायला शिकला, आणि माशाकडून जिभेच्या मोहाचं मोल. प्राण्याला गुरू करण्यासाठी आपल्याला फार लांब जावं लागत नाही.

प्राणी निवडताना

इंटरनेटवरच्या यादीतून राशीप्रमाणे प्राणी निवडू नका. ज्याच्याशी तुमचा काही संबंध आला आहे तो घ्या. मुंबईत राहणाऱ्याकडे निवड भरपूर आहे: खिडकीसमोर घिरट्या घालणारी घार, पितृपक्षात ज्याची वाट बघतो तो कावळा, शिवडी-ठाणे खाडीवरचे रोहित (फ्लेमिंगो), खारफुटीतला सोनेरी कोल्हा, चाळीच्या आवारातल्या झाडावर लटकणारी वटवाघळं. घरात देवक म्हणून एखाद्या पक्ष्याचं पीस असेल तर तो पक्षी घ्यावा, त्याहून चांगली निवड मला सुचत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. लग्नाच्या चौकातली पालघाट देवी वारली सवाशिणी विधीपुरती काढतात; ती उचलून दिवाणखान्याच्या चित्रात घालू नका. वारली शैलीचं ऋण घ्यायचं असेल तर गेरूचा रंग आणि साधे आकार एवढंच घ्या. जिव्या सोमा मशे यांनी (१९३४–२०१८) ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे ठेवली. त्यांची चित्रं नीट बघितली तरी थोड्या रेषांत जनावराची चाल कशी पकडायची ते समजतं. दुसरी गोष्ट म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पिसांचे मुकुट किंवा त्यांची पवित्र चिन्हं आपल्या बिबट्याच्या डोक्यावर नकोत. ती त्यांची आहेत, आणि आपल्याकडे आपलं पुरेसं आहे.

बिबट्या घेणार असाल तर आकृती तपासून घ्या. ‘शामान’, ‘स्पॉटेड कॅट’ असे शब्द टाकून मिळणारे कितीतरी तयार साचे जॅग्वारचे असतात, कारण अमेझॉन खोऱ्यात शामान आणि जॅग्वार यांचं नातं जवळचं आहे. ओळखायला सोपं आहे. जॅग्वारच्या अंगावरच्या वलयांच्या आत ठिपके असतात, बिबट्याची वलयं आतून रिकामी असतात. बिबट्याची शेपूट लांब, अंग सडपातळ. जॅग्वार आखूड पायांचा आणि जबड्याने जड. अभ्यासासाठी छायाचित्रं पुरेत, किंवा राणीच्या बागेत जाऊन प्राण्यांची स्केचेस करा. आरेत रात्री बिबट्या शोधत फिरू नका.

कागदावरची तालीम

काहीही विकत घेण्याआधी घरातल्या एखाद्या आरशावर हे करून बघा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून प्राणी आणि पारंब्या कापा, काडेपेट्यांचा आधार देऊन आरशापासून थोड्या पुढे उभ्या करा आणि समोर येऊन बघा.

इथे एक माप उपयोगी पडतं. सपाट आरशात आपला चेहरा आरशाच्या पृष्ठभागावर जेवढी जागा घेतो ती चेहऱ्याच्या बरोबर निम्मी असते, मग तुम्ही जवळ असा की लांब. खरं वाटत नसेल तर वाफ धरलेल्या आरशावर बोटाने चेहऱ्याची कड काढा आणि मोजा. म्हणजे नऊ इंच उंच आणि सहा इंच रुंद चेहऱ्याला साडेचार बाय तीन इंच पुरतात. पुढच्या थरांचं अंतर धरून पाच बाय साडेतीन इंचांची जागा सगळ्या थरांमध्ये मोकळी ठेवा. ती चित्राच्या मधोमध असायलाच हवी असं नाही. मला ती बिबट्याच्या पाठीच्या वर, उजवीकडे आवडते. त्याची नजर डावीकडे, आपला चेहरा त्याच्या खांद्यामागे. पारंब्यांमधली फट तिथेच रुंद करा.

बिबट्या आडवा, चालताना घ्या. उभा, समोर बघणारा बिबट्या भारदस्त दिसतो खरा, पण तो चेहऱ्याची सगळी जागा खातो.

सामान

आरसा ४ मिलिमीटर जाडीचा, १२ बाय १८ इंच. त्याचं वजन सुमारे १.४ किलो भरतं. काचवाल्याला कडा घासून, गुळगुळीत करून द्यायला सांगा. पाठीमागचा रंग उजेडात तपासा. ओरखडा किंवा कडेला काळसर डाग असेल तर तो तुकडा घेऊ नका, कारण तो डाग पुढे वाढतच जातो. काच घरी कापायच्या फंदात पडू नका. आरसा घराजवळच्याच दुकानातून घ्यावा, लोकलमधून आणायची वेळ आणू नये. आणावाच लागला तर दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून, उभा धरून, दुपारच्या रिकाम्या गाडीने.

थरांसाठी ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, पीव्हीसी फोमचा. दुकानात त्याच नावाखाली कागदी पापुद्र्याचा हलका फोम बोर्डही देतात. तो मुंबईच्या पावसाळ्यात वाकतो. पीव्हीसीचा बोर्ड पाण्याला दाद देत नाही आणि साध्या कटरने कापला जातो. पण तो लेझर कटिंगला कधीही देऊ नका. पीव्हीसी जळताना विषारी आणि यंत्राला गंजवणारा वायू सुटतो. साकीनाका, अंधेरी पूर्वच्या गाळ्यांत लेझरवर कापून घ्यायची इच्छा असेल तर साहित्य ३ मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) किंवा ॲक्रिलिक ठेवा. एमडीएफला मग दोन्ही बाजूंनी आणि कडांना सीलर लावावाच लागतो, नाहीतर जुलैपर्यंत कडा फुगतात.

चौकटीसाठी देवाच्या तसबिरी मढवून देणारा कारागीर गाठा. आतून अडीच इंच खोल पेटी हवी, समोर आत वळलेली पट्टी हवी आणि मागे ६ मिलिमीटरचं पाणीरोधक प्लायवुड हवं, असं सांगा. हिशेब असा: आरसा ४, अंतर २०, पारंब्या ५, अंतर २०, बिबट्या ५, मागचं प्लाय ६. झाले ६० मिलिमीटर, अडीच इंचांत तीन-एक मिलिमीटर मोकळे राहतात.

बाकी ॲक्रिलिक रंग, २२० नंबरचा पॉलिश पेपर, स्टीलची पट्टी, कटरची भरपूर पाती, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा. कलासाहित्य आणि आरसेकामाच्या टिकल्या क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या भागात मिळतात.

चिकटवायला सिलिकॉन, आणि तेही न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं. हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातलं आम्ल आरशामागचा चांदीचा लेप खातं आणि काही महिन्यांत पुढून काळे ढग दिसायला लागतात. दुकानदार ‘सगळं एकच’ म्हणाला तरी ट्यूबवरचा मजकूर वाचा.

कापणं

साचा कागदावर काढून बोर्डवर ट्रेस करा. एका दाबात आरपार कापायचा प्रयत्न करू नका. हलक्या हाताने त्याच रेषेवरून चार-पाच वेळा पातं फिरवा. पातं बोथट झालं की कड फाटते, म्हणून ते सढळ हाताने बदला. आतल्या वळणांपासून सुरुवात करा आणि बाहेरची रेषा शेवटी कापा, म्हणजे धरायला बोर्ड मजबूत राहतो.

बिबट्याची सगळी वलयं कापू नका. खांदा, कूस आणि मांडीवरच्या दहा-बारा वलयांचा फक्त आतला भाग कापा, बाकीची रंगवा. दोन भोकांमध्ये एक सेंटिमीटर तरी जागा ठेवा. पारंब्या वरच्या कडेपासून खालपर्यंत सलग ठेवा, जाडी कमी-जास्त करा. त्या सैबेरियातल्या त्या झाडासारखं वरचं आणि खालचं जग जोडतात, आणि बोर्डला ताकदही देतात.

पाठ रंगवणं, म्हणजे खरं काम

पुढून दिसतं ते रंगवायचं आणि मागची बाजू तशीच पांढरी सोडायची, असं बहुतेक जण करतात. आरशासमोर ते चालत नाही, कारण आरशाला फक्त पाठ दिसते. थरांच्या मागे जे काही असेल तेच तो आपल्याला परत दाखवतो.

म्हणून पाठ हे दुसरं चित्र समजा. पुढची बाजू शांत ठेवा: बिबट्या गेरू आणि काळ्यात, पारंब्या गडद हिरव्या-करड्या. पाठ उजळ ठेवा. बिबट्याच्या पाठीला नारिंगी किंवा हळदीचा पिवळा दिला तर सरळ समोरून त्याची बारीक किनारच दिसते, पण तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात की कापलेल्या वलयांमधून तोच रंग पेटून उठतो. माणूस खोलीतून चालत गेला की बिबट्याच्या अंगावरची वलयं रंग बदलत जातात. यासाठी ना वीज लागते ना यंत्र.

पाठीवर आकृतीही काढता येते. समोरून लपलेली, तिरकं बघणाऱ्यालाच दिसणारी. शामानाचा मदतनीस प्राणी सगळ्यांना दिसत नाही, त्याला हवं तेव्हा दिसतो. त्या कल्पनेला या कलेत इतकी सरळ जागा दुसरीकडे कुठे मिळत नाही. सूर्य-चंद्र, एखादं पाऊल, तुमच्या आजीच्या नावाचं अक्षर, जे तुमचं असेल ते. अक्षर असेल तर उलटं लिहा, आरशात ते सुलटं होईल.

रंगाआधी बोर्ड पॉलिश पेपरने हलका घासा आणि ओल्या फडक्याने पुसा. दोन पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. कापलेल्या कडा विसरू नका. आरशात त्या दुप्पट दिसतात.

थेट आरशाच्या काचेवर रेषा काढाव्यात का? काढता येतात, पण रंग काचेच्या पुढे आणि चांदी मागे असल्याने ४ मिलिमीटरच्या आरशात त्या रेषेची जुळी सुमारे ५ मिलिमीटर मागे दिसते. तारे, पावसाचे थेंब यांना ते शोभतं. डोळा किंवा मिशा यांना नाही.

जोडणी

कोरडा दिवस निवडा. आरशाच्या चारही कडांना आणि मागच्या काठावर पारदर्शक नेलपॉलिशचा किंवा ऑइलपेंटचा पातळ हात द्या. समुद्राजवळच्या घरात दमट, खारी हवा आत शिरते ती कडेनेच. वाळल्यावर आरसा पुढून मायक्रोफायबरने पुसून घ्या, कारण थर बसल्यावर तिथे हात पोचत नाही.

आता पेटी पालथी ठेवून मागून भरायला सुरुवात करा: आधी बिबट्या, तोंड खाली. प्राण्याचे पाय आणि शेपूट चौकटीच्या पट्टीला टेकतील अशी आकृती आखलेली असेल, तर तो अधांतरी राहत नाही. मग सनबोर्डच्या चार-चार तुकड्यांच्या चळती, २० मिलिमीटर उंचीच्या, कडांना लपवून. मग पारंब्या, पुन्हा चळती, मग आरसा, चकचकीत बाजू खाली. प्रत्येक जोडाला सिलिकॉनचे ठिपके द्या, सलग रेघ ओढू नका. ठिपक्यांभोवती हवा फिरते म्हणून ते नीट सुकतात. आरशाचा भार खालच्या चळतींवर टेकलेला असावा, नुसत्या सिलिकॉनवर नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद या बोर्डवर धरत नाही. २४ तास हलवू नका. मग प्लाय लावा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवून.

पेटी अडीच इंचांचीच असते, पण आरशामुळे तिची खोली सुमारे चार इंच भासते.

पहिल्या कामात एलईडी पट्टी घालू नका असं मी आग्रहाने सांगेन. आरशात दिव्याचा प्रत्येक ठिपका दिसतो आणि नजर तिथेच अडकते. पुढच्या कामात घालायची झाली तर उबदार पांढरी, १२ व्होल्टची घ्या, चौकटीच्या पट्टीमागे लपवा आणि ॲडॉप्टर पेटीबाहेर ठेवा. लोहार चाळीत सगळं मिळेल. समोर समई किंवा मेणबत्ती ठेवू नका. सनबोर्ड हे प्लास्टिक आहे.

टांगणं

एकूण वजन तीन किलोच्या आसपास जाईल. ड्रिलने दोन भोकं, गिट्ट्या आणि स्क्रू. चिकटपट्टीचे हुक नकोत. मोकळी सोडलेली जागा घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर यावी, साधारण जमिनीपासून पाच फुटांवर. मुलांसाठी करत असाल तर खाली आणा. पेटीच्या मागे चारही कोपऱ्यांत रबरी गुंड्या लावा, म्हणजे भिंतीची ओल तिच्यात उतरत नाही. पावसाळ्यात पोपडे येणारी भिंत टाळाच.

गॅलरीत किंवा खिडकीबाहेर हे चित्र लावू नका. दयाळ, शिंजीर यांसारखे पक्षी आरशातल्या स्वतःला प्रतिस्पर्धी समजून चोची मारत राहतात. प्राण्यांच्या प्रेमाने केलेल्या कामाने त्यांनाच इजा होऊ नये.

त्याच्यासमोर बसणं

कित्येकांना अशा चित्रासमोर ध्यानाला बसायचं असतं. अवश्य बसा, पण पुरेशा उजेडात. मंद प्रकाशात स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं की तो बदलायला लागतो. २०१० साली इटलीतले मानसशास्त्रज्ञ जोव्हानी कापुतो यांनी ५० जणांना अंधूक खोलीत दहा मिनिटं आरशात बघायला लावलं. बऱ्याच जणांना स्वतःचा चेहरा वेडावाकडा दिसला, काहींना अनोळखी माणसं दिसली, आणि काहींना मांजर, सिंह असे प्राणी. हे माणसाच्या नजरेत आणि मेंदूतच आहे, आणि आरशाभोवती इतक्या समजुती का जमल्या हे त्यातून थोडं कळतं. यामुळे तोलीची किंवा वाघोबाची श्रद्धा माझ्या लेखी लहान होत नाही. पण भीती वाटली तर दिवा लावा आणि उठा. मन आधीच अस्वस्थ असेल, झोप लागत नसेल, तर हा प्रयोग करू नका; त्यासाठी डॉक्टर आहेत, चित्र हा उपचार नव्हे.

मला स्वतःला डोळे चेहऱ्यावर रोखण्यापेक्षा बिबट्यावर ठेवून बसणं आवडतं. मग मागचा चेहरा आपोआप धूसर होतो आणि जंगलाचाच भाग वाटायला लागतो.

निगा

थर उघडे असल्याने धूळ बसणारच. आठवड्याला मऊ, रुंद रंगाच्या ब्रशने झाडा. मोकळ्या जागेतला आरसा किंचित ओल्या फडक्याने पुसा. पाणी फडक्यावर शिंपडा, थेट आरशावर कधीच नको, ते ओघळून कडेला जातं. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव वापरू नका. ते चांदीला घातक, आणि ॲक्रिलिकचे थर असतील तर त्यांनाही. घर मोठ्या रस्त्यालगत असेल तर समोर २ मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक बसवा. चमक थोडी कमी होते, पण ब्रश कमी लागतो. मे महिन्याच्या शेवटी एकदा प्लाय उघडून सिलिका जेल बदला आणि आरशाच्या कडा तपासा. कुठे लेप निघालेला दिसला तर त्याच दिवशी रंगाचा नवा हात द्या.